आधी पाहुण्याला

मी दोह्यात वाइन वाढते असं सांगितलं की वेंगुर्ल्यात माणसांचे दोन तट पडतात. पहिल्या तटाला वाटतं मी थापा मारते, कारण आखाती देशात कुठली आलीय दारू! दुसऱ्याला माझं खरं वाटतं, आणि तो माझ्या आईकडे फार दयेने बघतो. खरी गोष्ट अशी की इथल्या परवाना असलेल्या मोठ्या हॉटेलांत दारू मिळते. दारात ओळखपत्र तपासूनच आत सोडतात, बाटली बाहेर नेता येत नाही, आणि रमझान आला की आमचं कपाट कुलूपबंद होतं. तो महिना मी सरबतं आणि कॉफी बघते. बाकीचं वर्ष माझं काम एवढंच, की पाहुणा काय जेवणार आहे ते विचारायचं आणि त्याच्याबरोबर काय प्यावं ते सांगायचं. फ्रेंच लोक या कामाला 'सोमेलिए' म्हणतात. ऐकायला भारदस्त वाटतं, पण मुळात मी वाढपी आहे आणि त्याची मला लाज नाही, कारण मी खानावळीत वाढले आहे.

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ आईची खानावळ होती. ट्रकवाले, बँकेचे कारकून, बदली होऊन आलेले मास्तर, सगळे तिथे जेवायचे. दोह्याला आल्यावर पहिल्याच वर्षी आईने फोनवर विचारलं, "गो, पण तू पितंस काय?"

"चव घेतंय आणि थुकतंय गो आये."

"तोंडात घेतलेला थुकतंस?" आई हादरली. मी प्याले असते तर तिला कमी वाईट वाटलं असतं. "खानावळीत असो कोण थुकलो तर मी त्येका परत पायरी चढूक देवचंय नाय!"

आईचं शिक्षण आणि हॉटेलचं शिक्षण यांचं माझ्या डोक्यात पहिल्यापासून भांडण. आई म्हणायची, भांडं काठोकाठ भर, अर्धं भांडं म्हणजे पाहुण्याचा अपमान. इथे पेला तिसरा हिस्साच भरायचा, वरची जागा वासासाठी मोकळी सोडायची. मी सुरुवातीला एका जर्मन जोडप्याचे पेले आईच्या पद्धतीने भरले. ते बिचारे पेला उचलेनात, वाकून ओठ लावून प्यायले. दुसरं म्हणजे, आमच्याकडे यजमान सगळ्यांत शेवटी जेवतो. वाइनचं उलटं. बाटली उघडली की पहिला घोट यजमानाला द्यायचा. मला आधी हा हावरटपणा वाटायचा. मग कळलं की यजमान तो घोट मजेसाठी घेत नाही, बाटली बिघडलेली नाही ना हे बघायला घेतो. पाहुण्याच्या तोंडात वाईट घोट जाऊ नये म्हणून स्वतः पुढे होतो. हे कळल्यावर मी फ्रेंचांना माफ केलं.

बाटली बिघडते ती बहुतेक वेळा बुचामुळे. बूच झाडाच्या सालीचं असतं, त्याला कधी कधी दोष लागतो आणि वाइनला पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. पोटाला अपाय होत नाही, पण चव मरते. बाहेरून कळायला मार्ग नाही. नारळासारखंच आहे, फोडल्यावाचून खवट की गोड समजत नाही.

सगळ्या वाइनांत माझा जीव आहे तो एका साध्या पांढऱ्या वाइनवर. नाव म्युस्काडे. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याला, नदी समुद्राला मिळते तिकडची. महागातली नाही, मिरवायला उपयोगाची नाही. गोडवा औषधालाही नाही. आंबली की तळाशी जो गाळ बसतो, त्याच्यावरच ती हिवाळाभर ठेवतात, म्हणून तिला जराशी खारट, पिठूळ चव येते. पहिल्यांदा चाखली तेव्हा मला आमचं बंदर आठवलं आणि थुकायचं विसरले. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

लोक विचारतात, कशाबरोबर काय, हे लक्षात कसं राहतं? मी त्यांना लिंबाचा नियम सांगते. ज्या पदार्थावर तुमचा हात आपोआप लिंबू पिळायला जाईल, त्याच्याबरोबर ही वाइन बिनदिक्कत घ्या. कालवं, शिणाणी म्हणजे खडकावरचे काळे शिंपले, तळलेली कोलंबी, इथला भाजलेला हामूर मासा, बकरीच्या दुधाचं चीज. बांगडा तर काय विचारता! पण लाल तिखटाच्या रश्शाबरोबर ती पाण्यासारखी लागते आणि पुरणपोळीबरोबर चिंचेसारखी. आयटीतल्या पोरांचा एक मराठी घोळका दर काही महिन्यांनी आमच्याकडे येतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅम, गोड आहे का?" नाही म्हटलं की तोंडं उतरतात. मग मी त्यांना तळलेली कोलंबी घ्यायला लावते. दुसऱ्या घासाला एक तरी म्हणतोच, "आयला, हे भारी आहे." त्या 'आयला'साठी मी नोकरी करते.

न पिणाऱ्यांकडेही मला तितकंच लक्ष द्यावं लागतं. आमचे शेफ लेबनानी, शिणाणी वाइनमध्येच उकडतात. एकदा रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब वाढदिवसाला आलं होतं. त्यांच्या मुलाने चित्र बघून तीच थाळी मागवली. मी टेबलाशी जाऊन म्हटलं, "चाची, हे कालवण तुमच्या कामाचं नाही, त्यात वाइन आहे." चाचींनी आधी मला मराठीत बोलताना ऐकून डोळे मोठे केले आणि मग मुलाकडे बघून आणखी मोठे केले. मी स्वयंपाकघरात गेले. शेफ म्हणाले, "यल्ला, चला, लिंबू घालतो." आणि लिंबू, लसूण, ऑलिव्ह तेलात त्यांनी शिणाणी अशी केली की चाचींनी वाटी पावाने पुसून घेतली. वाइनचं त्या पदार्थातलं काम लिंबाचंच, हे मला त्या दिवशी नेमकं समजलं.

आता पाटणकरांची गोष्ट सांगते. लेख लिहायला बसले ती खरं तर त्यांच्यासाठीच.

पाटणकर सांगलीचे. रास लफानच्या एका गॅस प्रकल्पात देखभालीच्या खात्यात. बायको-मुलं मिरजेला, हे इथे कंपनीच्या इमारतीत एकटे. एका दुपारी रेस्टॉरंट रिकामं असताना ते आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दारात बूट काढावेत की काय अशा विचारात उभे. मी मराठीत "या, बसा" म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

"ओ ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी शाकाहारी माणूस, दारूला शिवत नाही. पण माझे साहेब फ्रान्सला चाललेत, कायमचे. शुक्रवारी दुपारी जेवायला आणायचंय. शनिवारी त्यांचं विमान. त्यांच्या गावाकडची वाइन मिळंल काय?"

साहेबांचं नाव लुईक. गाव कुठलं विचारलं तर पाटणकरांनी मोबाइलवर नकाशा दाखवला. म्युस्काडेचा मुलूख! मी खुर्चीतून उठलेच.

"एवढं कशासाठी?" मी विचारलं. आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारायचा असतो, म्हणजे वाढायचं कसं ते कळतं.

पाटणकरांनी खिशातलं एक पेन काढलं आणि पुन्हा खिशाला लावलं. "करोनात माझे वडील गेले. विमानं बंद. अंत्यविधी मी मोबाइलवर बघितला. साहेब समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. कुणाकडनं तरी त्यांना कळलं. आले आणि दिवसभर माझ्याजवळ बसून राहिले. त्यांना काय बोलायचं कळंना, मला रडायचं कळंना. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही ओ. मला इंग्रजीत व्हॉल्व्ह सांगता येतोय, पंप सांगता येतोय. हे कसं सांगणार? म्हटलं, जाण्याआधी एकदा त्यांना मनासारखं जेवू घालावं. ते जेवण चुकायला नको, एवढं बघा की."

मी त्यांना शब्द दिला. म्युस्काडे आमच्याकडे फारशी खपत नाही, त्यामुळे कपाटात दोनच बाटल्या होत्या. त्या मी मागे सरकवून ठेवल्या. शेफबरोबर बसून जेवण ठरवलं. साहेबांना शिणाणी आणि मग लोणी-लिंबातला हामूर. पाटणकरांना शतावरीचे कोंब आणि बकरीचं चीज. "चीज म्हणजे पनीरच की," असं म्हणून त्यांनी मान्यता दिली.

शुक्रवारी दोघे आले. लुईक साहेब उंच, कानाजवळचे केस पिकलेले, कमी बोलणारे. मी बाटली आणून लेबल दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. लेबलवरच्या गावात त्यांच्या मावशीचं घर होतं म्हणे, शाळेच्या सुट्टीत तिथे द्राक्षं तोडायला जायचे. "पाटणकर, हे तू शोधलंस?" ते इंग्रजीत म्हणाले. पाटणकरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, पण चेहरा असा फुलला होता, जणू पोराचा पहिला नंबर आलाय.

मी बूच काढलं आणि सवयीने नाकाशी नेलं. भिजका पुठ्ठा.

पण बुचाच्या वासावरून निकाल देता येत नाही, पेल्यात बघावं लागतं. मी नियमाप्रमाणे पाटणकरांच्या पेल्यात घोटभर ओतली. ते पिणारे नव्हेत, म्हणून ठरवलं होतं की ते काही बोलायच्या आत तोच पेला मी हुंगायला मागून घेईन. पण पाटणकर सांगलीचे. घरी आलेल्याच्या आधी यजमान तोंड लावणार, हे त्यांच्या सात पिढ्यांत घडलेलं नाही. त्यांनी पेला दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ साहेबांपुढे ठेवला. "सर, फर्स्ट यू." मी "थांबा" म्हणेपर्यंत साहेबांनी तो घेतलाही.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ज्या माणसाचं बालपण त्या द्राक्षांत गेलं, त्याला कळणार नाही होय! पेला नाकाशी आला तसा क्षणभर थांबला. साहेबांनी पाटणकरांकडे बघितलं. मग घोट घेतला, गिळला आणि म्हणाले, "परफेक्ट."

पाटणकर मला म्हणाले, "भरा की ताई!"

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी कोणाला कळणार नाही इतकी मान हलवली. गप्प राहा, असा त्याचा अर्थ. आता आली पंचाईत. बिघडलेली बाटली टेबलावर ठेवायची नाही हा माझ्या धंद्याचा पहिला नियम, आणि पाहुण्याने एकदा पसंत केली की तिच्याविरुद्ध बोलायचं नाही हा दुसरा. मी थोडीशी ओतली आणि बाटली बाजूच्या मेजावर बर्फात नेऊन ठेवली. तिथे थेंबभर चाखली. शंकाच नव्हती. गोणपाट धुतलेलं पाणी.

मी खानावळवालीची मुलगी. एखादी भाजी बिघडली तर आई ओरडत नसे, गुपचूप दुसरं काहीतरी आणून पुढे ठेवायची. तीच युक्ती केली. शिणाणी आली तशी दुसरी बाटली घेऊन गेले आणि म्हटलं, "नवा पदार्थ, नवी बाटली. आमच्याकडची पद्धत आहे."

"अहो, ती अजून भरलेली आहे!" पाटणकर म्हणाले. "टाकायचं नाही ताई. आधी ती संपवू, मग दुसरी."

"पण पाटणकर—"

"अन्न आहे शेवटी. सर, यू लाइक इट, नो?"

"व्हेरी मच," साहेब म्हणाले.

झालं! पाटणकर स्वतः उठले, बर्फातली बाटली आणली आणि साहेबांचा पेला काठोकाठ भरला. अगदी माझ्या आईने भरला असता तसा. आधी पाहुण्याला द्यावं, पाहुण्याने वाढलेल्याला नावं ठेवू नयेत आणि पानात काही टाकू नये, या आपल्या तीन सोन्यासारख्या रीती. त्या दिवशी तिन्ही एकत्र येऊन त्या सज्जन फ्रेंच माणसाच्या मुळावर उठल्या. त्यातली मधली रीत त्याला कुणी शिकवली कोण जाणे. तो एक शिंपला तोंडात टाकायचा आणि एक घोट गिळायचा, औषध घेतल्यासारखा. पाटणकर समोर बसून विचारत होते, "गुड, सर? गुड?" आणि पेला जरा खाली गेला की पुन्हा बाटली उचलत होते. शेफ दाराच्या गोल काचेतून बघत होते. मी आत गेले तर म्हणाले, "खलास, हबीबती, पुरे झालं बाई, त्याला सोडव."

मला राग आला होता. कुणाचा, ते सांगता येणार नाही. म्युस्काडेची ही दशा मला बघवत नव्हती आणि त्या दोघांचं ते प्रेमही बघवत नव्हतं. शिवाय मी शब्द दिला होता की हे जेवण चुकणार नाही, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत चुकत होतं. उद्या हा माणूस विमानात बसणार आणि दोह्यातला शेवटचा घास म्हणून त्याला भिजका पुठ्ठा आठवणार. मी टेबलाशी गेले आणि मराठीत सांगून टाकलं.

"पाटणकर, ती बाटली खराब आहे. तुमच्या साहेबांना पहिल्या घोटालाच कळलंय. तुमचं मन राखायला गिळतायत ते."

पाटणकरांच्या हातातली बाटली तशीच राहिली. चेहरा उतरत उतरत पार खाली गेला. आपल्या हाताने आपण पाहुण्याला नासकं पाजलं, याच्यापेक्षा मोठं पाप त्यांच्या लेखी नव्हतं. "सर," ते म्हणाले, "इज इट बॅड?"

साहेबांना मराठी येत नव्हती, पण काय झालं ते कळायला भाषा लागत नव्हती. त्यांनी आधी माझ्याकडे रागाने बघितलं. मग पेला बाजूला ठेवला.

"हो," ते म्हणाले. "बुचाचा दोष. कुणाची चूक नाही."

"मग सांगितलं का नाही?" पाटणकरांनी विचारलं.

साहेबांनी एक रिकामा शिंपला उचलून ताटलीच्या कडेला ठेवला. मी निघून जायला हवं होतं. गेले नाही.

"तुझे वडील वारले त्या दिवशी," ते म्हणाले, "संध्याकाळी मी तुला भात करून आणला होता. मला भात करता येत नाही. तू तो सगळा खाल्लास. मी घरी जाऊन भांड्यातला उरलेला चाखला. कच्चा होता, पाटणकर. दाताखाली कचकच वाजत होता आणि मीठ दोनदा पडलं होतं. तू थँक यू म्हणालास, आणि चांगला झालाय म्हणालास."

पाटणकरांनी चष्मा काढला. ते रडत होते आणि ते लपवायची त्यांना काही घाई नव्हती. त्या दिवशी राहून गेलेलं असावं. मग ते माझ्याकडे वळले.

"ताई, मला हे इंग्रजीत जमायचं नाही. तुम्ही सांगा त्यांना. म्हणावं, आमच्याकडं माणूस गेला की त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. बाहेरनं भात येतोय, पिठलं येतंय. कडू घास म्हणतात त्याला. माझ्या बापाचा तो घास त्यांनी आणला. आणि त्या घासाची चव बघायची नसते. कच्चा का पक्का, बघायचंच नसतंय."

मी सांगितलं. दिवसभर मी चवीविषयीच बोलत असते. आंबट, खारट, कडू यांचे इंग्रजी शब्द माझ्या जिभेवर तयार असतात. त्यातला एकही उपयोगी पडेना. अडखळत, दोनदा वाक्य मोडून मी ते पोचवलं.

लुईक साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मलाच विचारलं, "हा घास कोण आणतं? शेजारी?"

मी पाटणकरांना विचारलं.

"सोयरे आणतात," पाटणकर म्हणाले. "नात्यातली माणसं. परक्यानं आणायचा नसतोय." आणि डोळे पुसत त्यांनी साहेबांकडे बघितलं. "परक्यानं आणलाच, तर तो सोयरा होतोय. सांगा त्यांना."

मी एकही शब्द न बदलता तसंच सांगितलं आणि दुसरी बाटली उघडायला गेले.